गोळी आणि कैफियत

घरातल्या एखाद्या माणसाला छिन्नमनस्कतेचा विकार जडला असेल, तर पाहुण्यारावळ्यांशी बोलताना त्याच्याविषयी एक वाक्य दबक्या आवाजात हटकून उच्चारले जाते : "त्याला गोळ्या चालू आहेत." या वाक्याची घडण मोठी पाहण्याजोगी आहे. गोळ्या कर्त्याच्या आसनावर बसल्या आहेत, क्रियापद त्यांच्या वचनाप्रमाणे चालते आहे, आणि ज्याच्या घशाखाली त्या उतरायच्या, ज्याच्या रक्तातून मेंदूपर्यंत जाऊन ज्याची झोप, भूक, चाल आणि विचार यांत त्या पालट घडवून आणायच्या, तो माणूस मात्र चतुर्थीची विभक्ती अंगावर घेऊन बाजूला उभा आहे. सरकारी मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आयुष्याची तीन दशके घालवलेल्या मजसारख्याने हे वाक्य किती वेळा ऐकले, आणि त्याहून लज्जेची गोष्ट म्हणजे किती वेळा स्वतः उच्चारले, याची गणती करता येणार नाही. रोगी समोर स्टुलावर बसलेला असे, आणि मी त्याच्या डोक्यावरून मागे उभ्या असलेल्या आईला किंवा भावाला विचारीत असे : "गोळ्या नीट चालू आहेत ना?"

त्या स्टुलावरच्या माणसाची प्रथमपुरुषी निवेदने या पुस्तकात एकत्र केलेली आहेत. औषध घेणारे, घेऊन सोडणारे, सोडून पुन्हा धरणारे, जिभेखाली दडवून बेसिनमध्ये थुंकणारे, आणि वीस वर्षे बिनतक्रार घेऊनही ते कशासाठी घेतो हे एकदाही न सांगितले गेलेले, अशा सर्व प्रकारच्या लोकांनी औषधाविषयी आपले म्हणणे येथे मांडले आहे. संपादकांनी मला प्रस्तावना लिहिण्यास सांगितले तेव्हा या निवेदनांना काय म्हणावे हा प्रश्न निघाला. 'अनुभवकथन' हा शब्द फार सैल झाला आहे, 'मुलाखत' हा बाजारात फिरून गुळगुळीत झाला आहे. मी 'कैफियत' हा शब्द सुचवला. पेशवाईतल्या न्यायनिवाड्यात फैसला होण्यापूर्वी वादी-प्रतिवादींकडून तकरीर व करीना, म्हणजे ज्याची त्याची कैफियत, लिहून घेण्याची चाल होती. पक्षकार खोटे बोलत असेल, अतिशयोक्ती करीत असेल, पण त्याचे म्हणणे दफ्तरी दाखल झाल्यावाचून निवाडा पुढे जात नसे. मनोवैद्यकात रोग्याच्या बाबतीत ही साधी रीतही कैक वर्षे पाळली गेली नाही. त्याचे औषधाविषयीचे म्हणणे पुरावा म्हणून नोंदले जाण्याऐवजी रोगाचे लक्षण म्हणून नोंदले गेले, आणि माझ्या मते या विषयातला सर्व घोटाळा येथेच सुरू झाला.

वस्तुतः या औषधांचा इतिहासच एका कैफियतीने सुरू होतो, आणि ती कैफियत रोग्याची नव्हती. पॅरिसजवळच्या ऱ्होन-पूलांक या कारखान्यात पॉल शार्पांतिए या रसायनज्ञाने डिसेंबर १९५० मध्ये क्लोरप्रोमाझीन हे द्रव्य सिद्ध केले. आंरी लाबोरी हा फ्रेंच आरमारातला शल्यवैद्य शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला ते टोचून पाहत असता त्याच्या असे ध्यानात आले की रोगी निद्रिस्त होत नाही, शुद्धीवर असतो, प्रश्नांना उत्तरे देतो, पण भोवती जे चालले आहे त्याचे त्याला फारसे सोयरसुतक उरत नाही. नोव्हेंबर १९५१ मध्ये व्हिलझुइफ येथे कॉर्नेलिया क्वार्ती या मानसवैद्य महिलेने हे औषध स्वतःच्या शिरेत टोचून घेतले, आणि आपणास काय काय वाटत गेले, प्रथम किती क्लेश झाले आणि मग कशी एक विलक्षण अलिप्तता पसरत गेली, याचे टिपण ठेवले. पुढच्याच वर्षी सेंट-आन रुग्णालयात झां दले आणि पिएर दनिकेर यांनी ते मनोविकारांवर वापरून त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. थोडक्या वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या वेड्यांच्या इस्पितळांतला आरडाओरडा निवला, हातपाय बांधण्याचे पट्टे अडगळीत गेले, आणि जन्मभर आत राहायचे म्हणून आलेली माणसे घरी परतू लागली. हा उपकार लहान नव्हता. पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना वाचकाने हे विसरू नये.

या इतिहासाला आपल्या देशाचीही एक वाट येऊन मिळते. सर्पगंधेची मुळी वेडावर देण्याची वहिवाट बिहार-बंगालकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवर तिच्या उपयोगाविषयी लेख लिहिला, १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरचे आपले अनुभव ब्रिटिश हृदयरोग-नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि तिच्यातून वेगळे काढलेले रिसर्पिन न्यूयॉर्क राज्यातल्या नेथन क्लाइन यांनी १९५४ च्या सुमारास मनोरुग्णांना देऊन पाहिले. १९५७ च्या लास्कर पारितोषिकाच्या यादीत लाबोरी, दनिकेर, क्लाइन आणि आपले वकील ही नावे एकत्र आली आहेत. पुढे क्लोरप्रोमाझीनपुढे रिसर्पिनचा टिकाव लागला नाही, हे खरे. तरी ज्यांना ही औषधे म्हणजे केवळ पश्चिमेने आपल्या माथी मारलेली बला वाटते त्यांनी ही यादी एकदा डोळ्यांखालून घालावी.

आता प्रश्न असा की, जे औषध माणसाला साखळदंडातून सोडवते ते औषध तो माणूस का नाकारतो? पहिली वीस वर्षे या प्रश्नाचे उत्तर तयार होते आणि ते फार सोयीचे होते : रोग्याला आपण रोगी आहोत हेच कळत नाही, म्हणून. या उत्तरात तथ्य नाही असे नाही. छिन्नमनस्कतेत अंतर्दृष्टी झाकोळते, शेजारी आपल्या भिंतीतून विषारी वायू सोडतात असे ज्याला प्रत्यक्ष दिसते त्याला गोळीचे प्रयोजन पटणे कठीण, आणि ज्याला गोळीतच विष दिसते त्याच्याशी वाद घालणे व्यर्थ. परंतु लंडनच्या अँथनी डेव्हिड यांनी १९९० मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे अंतर्दृष्टी हा एकच दिवा नाही की तो पेटलेला तरी असावा वा विझलेला तरी. आपणांस आजार आहे हे मानणे, आपले विचित्र अनुभव त्या आजाराचे आहेत हे ओळखणे आणि उपचार स्वीकारणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत. "मला काही झालेले नाही, पण गोळी घेतली की झोप लागते म्हणून घेतो," असे सांगणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. "मला स्किझोफ्रेनिया आहे, सगळे पटते, पण गोळी घेणार नाही," असे शांतपणे सांगणारीही पाहिली. पहिल्याला आम्ही सुधारलेला म्हणत असू आणि दुसऱ्याला अंतर्दृष्टिहीन. यावरून आमच्या लेखी अंतर्दृष्टी म्हणजे डॉक्टरच्या मताशी सहमती एवढाच अर्थ उरला होता, हे वाचकाच्या ध्यानी येईल.

१९७४ मध्ये थिओडोर व्हॅन प्युटन या अमेरिकन वैद्याने हा प्रश्न सरळ रोग्यांच्या अंगावरून वाचायला घेतला, आणि नकाराच्या मागे त्याला अनेकदा एक शारीरिक गोष्ट उभी दिसली. ती म्हणजे ज्याला वैद्यकीय परिभाषेत अकॅथिझिया म्हणतात ती अस्वस्थता. हा शब्द औषधांहून जुना आहे. लादिस्लाव हाश्कोव्हेत्स या चेक वैद्याने तो १९०१ मध्ये वापरला, आणि त्याचा अर्थ 'बसवत नाही' असा. आमच्या बाह्यरुग्ण विभागात या व्याधीला निरनिराळी नावे ऐकू येत : 'पायांत मुंग्या नाचतात', 'अंगात रग भरते', 'हाडांच्या आतून खाजते', 'जीव कातडीत मावत नाही'. रोगी उठे, येरझारा घाली, बसे, पुन्हा उठे. आणि त्याची ही तगमग पाहून रोग वाढला अशी समजूत करून घेऊन आम्ही त्याच औषधाची मात्रा वाढवीत असू. आग लागलेल्या घरावर रॉकेलची घागर ओतण्याचा हा प्रकार मी स्वतः केला आहे, आणि तो करताना माझ्या मनात संशयाचा लवलेशही नव्हता.

ही अस्वस्थता किती भयंकर असते याची साक्ष निरोगी माणसांनी दिली तेव्हाच वैद्यकाने कान टवकारले, हा या कथेतला कडवट भाग. १९७७ मध्ये बेलमेकर आणि वॉल्ड या इस्राएली वैद्यांनी याच जातीच्या हॅलोपेरिडॉल या औषधाचे पाच मिलिग्रॅम स्वतःच्या शिरेत टोचून घेतले. दहा मिनिटांत विचार आणि हालचाल मंदावली, आणि त्याच वेळी आत एक खोल तगमग सुरू झाली. दोघांनाही काम टाकून घरी जावे लागले आणि छत्तीस तासांहून अधिक काळ परतता आले नाही. झोप आली नाही, उलट जबर भीती वाटत राहिली. सर्वांत लक्षणीय नोंद ही की स्वतःच्या इच्छेने त्यांना वाचन, दूरध्वनी किंवा घरचे कामही करवेना, मात्र कोणी तसे करायला सांगितले की तेच काम हातून होई. ही नोंद मी प्रथम वाचली तेव्हा आमच्या वॉर्डातली ती माणसे डोळ्यांपुढे आली, जी कोणी 'ऊठ' म्हटल्यावाचून उठत नसत आणि ज्यांच्या केसपेपरवर आम्ही 'इच्छाशक्तीचा लोप, रोगाचे लक्षण' असे टिपून ठेवीत असू. त्यांतले किती लक्षण रोगाचे आणि किती माझ्या चिठ्ठीचे, हा हिशेब आता कोणत्याही दफ्तरातून निघणार नाही.

दुसरी साक्ष राजकीय आहे. सोव्हिएत राजवटीत विरोधकांना 'मंदगती छिन्नमनस्कता' ठरवून विशेष इस्पितळांत डांबण्याची तजवीज होती. लिओनिद प्ल्युश्च हा युक्रेनचा गणिती अशाच रीतीने द्नेप्रोपेत्रोव्स्क येथे डांबला गेला, आणि १९७६ मध्ये सुटका होऊन पॅरिसला पोचल्यावर हॅलोपेरिडॉलने आपली बुद्धी, स्मृती आणि आस्था कशी झिजत गेली हे त्याने जगापुढे सांगितले. जगाने ते मानले, आणि मानले हे योग्यच झाले. पण जे वर्णन शहाण्याच्या तोंडून आले असता अत्याचाराचा पुरावा ठरले, तेच वर्णन रोग्याच्या तोंडून आले असता भ्रम ठरत होते. रोग्याला औषधाचा लाभही होत असतो आणि शहाण्याला नुसताच जाच, हा फरक मी विसरलेलो नाही. तथापि जाचापुरते पाहिले तर दोघांचे शब्द जवळजवळ एकच आहेत.

औषध नेमके करते काय, हे आता पूर्वीपेक्षा बरेच कळले आहे, आणि रोग्यांच्या परस्परविरोधी भासणाऱ्या कैफियतींचा उलगडाही त्यातूनच होतो. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९६३ मध्ये ज्याची वाट दाखवली, त्या संशोधनातून असे निष्पन्न झाले की ही औषधे मेंदूतल्या डोपामिन या संदेशवाहक द्रव्याची द्वारे अडवतात. शितिज कपूर यांनी टोरंटोत केलेल्या कामावरून असे दिसते की त्यांपैकी विशिष्ट जातीची सुमारे ६५ टक्के द्वारे अडली म्हणजे गुण येऊ लागतो, आणि सुमारे ७८ टक्क्यांच्या पुढे गेले की हातापायांत ताठरपणा, कंप, तगमग हे उपद्रव सुरू होतात. म्हणजे औषधाची हद्द आणि अपायाची हद्द यांत बोटभरच अंतर आहे. याच कपूर यांनी २००३ मध्ये असा विचार मांडला की डोपामिनचे एक काम म्हणजे भोवतालच्या असंख्य गोष्टींपैकी अमुक गोष्ट महत्त्वाची असा शिक्का मारणे. विकारात हा शिक्का भलत्याच ठिकाणी उठत सुटतो. रस्त्यावरची पाटी, शेजाऱ्याचे खाकरणे, वर्तमानपत्रातला एक शब्द यांना भयंकर अर्थ चिकटतो, आणि तो अर्थ जुळवण्यासाठी मन भ्रमाची कथा रचते. औषध कथा पुसत नाही. ते शिक्क्याची शाई पातळ करते. म्हणून रोगी म्हणतो, "विचार येतात, पण आता टोचत नाहीत." आणि म्हणूनच दुसरा रोगी, किंवा तोच रोगी दुसऱ्या दिवशी, म्हणतो, "पुरणपोळीसुद्धा पुठ्ठ्यासारखी लागते." शाई एकाच दौतीतली, भीतीवर जी पातळ होते ती गोडीवरही पातळ होते. लाबोरीने १९५१-५२ मध्ये पाहिलेली अलिप्तता ती हीच.

या द्विविध अनुभवाचे मापन करण्याचा प्रयत्न १९८३ मध्ये होगन, अवाद आणि ईस्टवुड यांनी केला. त्यांच्या प्रश्नावलीत औषधाविषयीची तीस विधाने असून रोग्याने प्रत्येकापुढे खरे वा खोटे एवढेच लिहायचे असते, आणि बेरजेवरून त्याचा कल अनुकूल की प्रतिकूल हे ठरवतात. पुढे तिचा दहा विधानांचा संक्षेपही रूढ झाला. हिची थोरवी अशी की हिच्यातली बरीच विधाने रोगी स्वतः काय बोलतात ते ऐकून घडवलेली आहेत, आणि औषध घेतल्यावर अंगाला कसे वाटते याला तिच्यात ठळक स्थान आहे. पहिल्या काही मात्रांनंतर ज्याला जीव नकोसा होतो तो पुढे औषध टिकवण्याचा संभव कमी, ही गोष्ट व्हॅन प्युटन यांनीही आधी सांगितली होती. तरी खऱ्या-खोट्याच्या दोन कप्प्यांत माणूस बसवताना काहीतरी बाहेर लोंबत राहते. "गोळीने मला वाचवले आणि गोळीने माझे वाटोळे केले," असे ज्याचे म्हणणे त्याने कुठे खूण करावी? या पुस्तकातल्या बहुतेकांचे म्हणणे याच जातीचे आहे.

आणि आपल्या घरांतली गोष्ट तर प्रश्नावलीत मावणारच नाही. आपल्याकडे गोळी एकटा रोगी घेत नसतो, ती सगळे घर घेते. आई पाण्याचा पेला घेऊन उभी राहते, 'तोंड उघड' म्हणते. बाप मेडिकलच्या दुकानातून गोळ्या आणताना ओळखीचे कोणी नाही ना हे पाहून घेतो. आजी म्हणते, एवढ्या गोळ्या उष्ण पडतील. आणि मुलीचे लग्न ठरले की पाकिटावरची चिठ्ठी फाडून गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरल्या जातात. सासरी 'झोपेची गोळी' म्हणून दोन-तीन महिने निभावते, मग बाटली संपते, आणून देणारे कोणी नसते, आणि बाळंतपणाच्या सुमारास ती पुन्हा आमच्याकडे येते, आता दोन्ही घरांना नकोशी झालेली. अशा मुलीची औषधाविषयीची 'वृत्ती' अनुकूल होती की प्रतिकूल? तिला ती असण्याची सवडच मिळाली नव्हती.

आमटीत किंवा चहात गोळी विरघळवून देण्याचा प्रकारही येथेच आला. चेन्नईच्या श्रीनिवासन व थारा यांनी २००२ मध्ये भारतीय कुटुंबांविषयी यावर लिहिले, आणि पुष्कळ घरांनी कधी ना कधी हा मार्ग धरला होता असे त्यांना आढळले. पाश्चात्त्य वाचकाला हे वाचून धक्का बसतो. मला बसत नाही, कारण मी त्या माउल्यांना पाहिले आहे. रात्री-अपरात्री मुलगा कोयता घेऊन उंबऱ्यात बसलेला, पोलीस येत नाहीत, तालुक्याला मानसवैद्य नाही, अशा वेळी नीतिशास्त्राचा ग्रंथ उघडून बसायला तिला सवड नसते. पण याचा परिणाम काय होतो तेही मी पाहिले आहे. ज्याला अन्नात विष आहे असा भ्रम होता त्याला एके दिवशी वाटीच्या तळाशी पांढरा चुरा सापडतो. त्या क्षणी त्याचा भ्रम खरा होतो, आणि त्यानंतर त्या घरात कोणाच्याही हातचे तो सहजपणे खात नाही.

कुटुंबांची बाजू महाराष्ट्रात मांडली गेली, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. कॅल्गरीत प्राध्यापकी करणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात उभ्या केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने, आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' या २००४ सालच्या चित्रपटाने 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द मराठी घरांत पोचवला. त्याआधी लोक 'बाहेरचे' म्हणत किंवा काहीच म्हणत नसत. परंतु या सर्व प्रयत्नांत बोलणारा मुख्यतः सांभाळणारा होता. सांभाळला जाणारा पुढे येऊन बोलू लागला तो अगदी अलीकडे.

तो बोलू लागला की सांभाळणाऱ्यांना आणि वैद्यांना धास्ती वाटते, ती अशी की हे बोलणे ऐकून सगळेच गोळ्या टाकून देतील. ही धास्ती निराधार नाही. लॉइश्ट आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ६५ चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला, त्यात वर्षभराच्या आत औषध घेणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांचा आजार उलटला, आणि औषध काढून घेतलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा. वैद्यकात एवढा ढळढळीत फरक विरळाच. हळूहळू आणि देखरेखीखाली मात्रा कमी केली तर निभावेल अशी उमेद धरून इंग्लंडात जोआना मॉनक्रीफ यांनी २५३ जणांची चाचणी केली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत दोन वर्षांनी सामाजिक जीवनात काही सुधारणा दिसली नाही, आणि गंभीर पुनरावृत्ती मात्रा घटवणाऱ्यांत २५ टक्के तर न घटवणाऱ्यांत १३ टक्के होती. मॉनक्रीफ या औषधांच्या कडव्या टीकाकार. त्यांनी हा प्रतिकूल निष्कर्ष जसाच्या तसा छापला, हे त्यांच्या प्रामाणिकपणास शोभणारे आहे. दुसऱ्या पारड्यात अमेरिकेतली २००५ ची मोठी चाचणी ठेवावी : १४९३ रोगी, जुनी-नवी पाच औषधे, आणि अठरा महिन्यांच्या आत ठरवून दिलेले औषध सोडलेले ७४ टक्के. यांतल्या काहींचे वैद्यांनीच बदलले, कित्येकांनी आपण होऊन सोडले. जे औषध सोडल्यास संकट आणि जे बहुतेकांना धरवत नाही, अशा औषधाविषयी ते घेणाऱ्याचे मत विचारणे याला चैन म्हणता येत नाही. तो चिकित्सेचाच भाग आहे.

दोन प्रसिद्ध उदाहरणे हटकून दिली जातात, आणि दोन्ही बाजू आपापले घेऊन पळतात. गणिती जॉन नॅश यांनी १९७० नंतर औषधे घेतली नाहीत, पुढे त्यांचा विकार हळूहळू ओसरला आणि १९९४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यांच्यावरच्या २००१ सालच्या चित्रपटात मात्र त्यांच्या तोंडी आपण नवी औषधे घेत असल्याचे वाक्य घातले आहे, जणू सत्य प्रेक्षकांच्या हितास अपायकारक होते. कायद्याच्या प्राध्यापिका एलिन सॅक्स यांनी उलट वाट धरली. त्यांनी पुनःपुन्हा औषध सोडून पाहिले, दर वेळी कोसळल्या, आणि २००७ च्या आत्मचरित्रात, ते आपल्याला हवेच आहे हे आपण किती उशिरा मान्य केले, याचा वृत्तांत दिला. मला सॅक्स यांचे उदाहरण अधिक उद्बोधक वाटते, आणि ते औषधाच्या बाजूने निकाल लागला म्हणून नव्हे. गोळी गिळणे म्हणजे 'मी वेडी आहे' या कागदावर रोज सही करणे, असे वाटत राहिल्यामुळे इतकी बुद्धिमान स्त्री इतकी वर्षे झगडली. गोळीचा हा अर्थ गोळीत नसतो आणि तो कोणत्याही मात्रेने उतरत नाही. क्लोझापिन या औषधाची गोष्ट याच दृष्टीने पाहावी. लाळ गळते, वजन वाढते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी अकस्मात घटण्याचे भय असल्यामुळे वारंवार रक्त तपासावे लागते. तरी इतर औषधांनी ज्यांना गुण आला नाही अशांपैकी कित्येक जण हे सर्व सोसून ते चालू ठेवतात, कारण त्याने त्यांचे काहीतरी परत मिळालेले असते.

कायदाही या दिशेने थोडा सरकला आहे. १९१२ च्या कायद्यात रोगी 'वेडा' होता आणि त्याच्या रवानगीचा हुकूम निघे. १९८७ च्या कायद्याने शब्द बदलले. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला, आणि त्याने प्रौढ माणसाला आपल्यावर कोणते उपचार व्हावेत व कोणते होऊ नयेत हे शहाणपणाच्या काळात आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार दिला. तातडीच्या उपचारांना तो लागू नाही. असा कागद घेऊन आलेला रोगी माझ्या उरल्यासुरल्या नोकरीत मला एकच भेटला. त्यात त्याने एवढेच लिहिले होते की अमुक इंजेक्शन देऊ नये, त्याने माझी मान वाकडी होते. ते इंजेक्शन त्याला पूर्वी दिल्याची आणि मान वाकडी झाल्याची नोंद आमच्याच केसपेपरात होती, सतरा पाने मागे.

संपादकांनी मला निवेदनांवर वैद्यकीय टिपा जोडण्याविषयीही विचारले होते. मात्रेचे आकडे तपासून देण्यापलीकडे मी त्यांत हात घातलेला नाही. काही ठिकाणी निवेदक जे औषधाला चिकटवतो ते रोगाचे असेल, काही ठिकाणी उलट असेल. वाचक जाणता आहे.

एका गृहस्थांचे निवेदन या पुस्तकात असावे अशी माझी फार इच्छा होती. वीस-बावीस वर्षे ते माझ्याकडे येत, आणि त्यांच्या कागदावर माझ्याच हस्ताक्षरात 'अनियमित' हा शेरा जागोजाग होता. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी एकदा गर्दी कमी होती म्हणून मी त्यांना प्रथमच विचारले की गोळी घेतल्यावर तुम्हांला कसे वाटते. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आवाज असतात, साहेब. पण शेजारच्या घरात भांडण चालावं तसे. ऐकू येतं, उठून जावंसं वाटत नाही." आणि मग, जणू मी दुसराही प्रश्न विचारला होता, म्हणाले, "बोटं जड होतात. भजनात मृदंग वाजवतो मी. गोळी घेतली की थाप मागं पडते, मंडळी वळून बघतात. म्हणून एकादशीच्या आधी दोन दिवस घेत नाही. द्वादशीला परत चालू." मी मात्रा थोडी उतरवली आणि ताठरपणावरची गोळी बदलली. कागदावर आता काय लिहू, असे त्यांनाच विचारले, तेव्हा म्हणाले, "लिहा की, एकादशीला घेत नाही." तसे लिहिले.

या पुस्तकासाठी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी चहा दिला, सगळे ऐकून घेतले आणि हात जोडले. भजनी मंडळातल्या कोणाला अजून ठाऊक नाही, ते म्हणाले. प्रस्तावनेत एवढे सांगितले तर चालेल, फक्त वाद्य बदला. त्याप्रमाणे वाद्य मी बदलले आहे.